‘टेप खराब आहे’

बडोद्याच्या घरातून आणलेल्या एका जुन्या वहीत १४ जुलै १९९४ या तारखेखाली माझ्याच अक्षरात पाच छोटी वाक्यं आहेत : ‘टेप खराब आहे. गायक विहिरीत उतरून गातोय. ड्रम वाजतात पण खोली रिकामी. चौथ्या गाण्याआधी टेप अडकली. उद्या परत करणे.’

टेप चांगली होती, चौथ्या गाण्याआधी ती अडकली नव्हती, आणि मी ती परतही केली नाही. तरीही ती वही मी तीन घरं आणि दोन शहरं बदलताना टाकली नाही. एखादा संगीतसंग्रह पहिल्यांदा ऐकताना काय वाटलं याची नोंद म्हणजे इतिहासाचं साधन आहे, असं मला आता वाटतं. मात्र ते फार घातक साधन आहे, हेही मला याच वहीमुळे कळलं. त्या दोन्ही गोष्टी इथे सांगायच्या आहेत.

टेप दिली होती शिलाँगहून आलेल्या एका मित्राने. तो बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेत छापचित्रं करायला शिकत होता. आमच्या शहरात इंग्रजी रॉकच्या मोजक्या कॅसेट दुकानात मिळत, त्यासुद्धा मोठ्या कंपन्यांच्या, मोठ्या नावांच्या. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, छोट्या स्वतंत्र कंपन्यांनी काढलेलं संगीत, आमच्यापर्यंत यायचं ते हातोहात. कुणाचा तरी चुलतभाऊ परदेशातून येई, त्याच्या तबकडीवरून एक कॅसेट भरली जाई, तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. माझ्याकडे आलेली बहुधा चौथी असावी. नव्वद मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. पहिल्या बाजूवर हा अख्खा संग्रह मावला होता. दुसऱ्या बाजूवर कुणाच्या तरी लग्नातली गाणी होती.

कॅसेटच्या डबीतल्या कार्डावर मित्राने काळ्या शाईने एकाखाली एक अशा खूप वेड्यावाकड्या रेषा काढल्या होत्या. मधोमध उंचवटे, कडेला सपाट. मला त्या पावागडच्या आसपासच्या टेकड्या वाटल्या. नाव कुठेही नव्हतं. विचारल्यावर तो म्हणाला, ‘मूळ कव्हरवर पण नाही. आधी ऐक.’

मी ऐकलं. टू-इन-वनचं झाकण उघडून हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, मग बारीक पेचकसने हेडचा स्क्रू इकडेतिकडे फिरवला, कारण आवाज बोदा आला की आम्ही सगळे हेच करायचो. काही फरक पडला नाही. चौथ्या गाण्याच्या सुरुवातीला यंत्र घरघरल्यासारखं झालं आणि मी टेप गुंडाळली गेली म्हणून धावत जाऊन बटण दाबलं. शेवटच्या गाण्यात काच फुटली, तेव्हा आई स्वयंपाकघरातून ओरडली, ‘काय फुटलं रे?’

मित्राला टेप परत करायची होती, पण तो अभ्यासदौऱ्यावर गेला आणि ती दोन आठवडे माझ्याकडे राहिली. दुसरं काही नवीन नव्हतं म्हणून मी ती रात्री लावत राहिलो. पाचव्या-सहाव्या वेळी वहीत नुसतं एवढंच लिहिलं आहे : ‘विहीर नाही. मोठी इमारत आहे, रात्रीची.’ ती टेप कशाची हे मला दिवाळीच्या सुट्टीनंतर कळलं. जॉय डिव्हिजन या मँचेस्टरच्या बँडचा ‘अननोन प्लेझर्स’, १९७९चा. नावाबरोबर बाकीची हकीकतही कळली. ती नंतर सांगतो.

या संग्रहाचा इतिहास मी पुढे जमेल तसा वाचत गेलो, आणि मला एक गंमतीदार दिलासा मिळाला. टेप खराब आहे असं वाटणारा मी पहिला नव्हतो. बँडमधल्या दोघांनाही तसंच वाटलं होतं.

ध्वनिमुद्रण झालं १९७९च्या एप्रिलमध्ये, मँचेस्टरजवळ स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत. निर्माता होता मार्टिन हॅनेट. सव्वादोन वर्षांपूर्वी याच हॅनेटने मँचेस्टरच्याच बझकॉक्स या बँडचं ‘स्पायरल स्क्रॅच’ हे चार गाण्यांचं रेकॉर्ड केलं होतं. जानेवारी १९७७मध्ये बझकॉक्सनी ते उसन्या पैशांतून, ‘न्यू हॉर्मोन्स’ या स्वतःच्याच नावापुरत्या कंपनीतर्फे काढलं. पहिल्या हजार प्रती छापल्या आणि अखेरीस सोळा हजारांच्या आसपास खपल्या. लंडनच्या मोठ्या कंपनीकडे न जाताही रेकॉर्ड काढता येतं, हे इंग्लंडभरच्या पोरांना त्यातून दिसलं. त्याच्या पाकिटावर प्रत्येक गाण्यापुढे ते कितव्या प्रयत्नात जमलं आणि वरून काही जोडलं का, हे छापलेलं होतं. वस्तू कशी बनली हे लपवायचं नाही, असा तो बाणा होता.

जॉय डिव्हिजनच्या वेळी हॅनेटने उलटंच केलं. हा बँड रंगमंचावर धडाक्याने, दाणदाण वाजवायचा. हॅनेटने ड्रमचा एकेक आवाज सुटा करून घेतला, प्रतिध्वनी किती आणि किती उशिरा यावा हे यंत्राने ठरवलं, गिटार मागे ढकलली, गायकाला दूर नेऊन उभं केलं. स्टुडिओतल्या जुन्या लिफ्टचा आवाज मुद्रित करून एका गाण्याच्या सुरुवातीला लावला. माझ्या टू-इन-वनमध्ये ‘अडकलेली’ टेप म्हणजे ती लिफ्ट. काच फुटल्याचा आवाजही त्याने असाच घातला होता. आईला इतक्या वर्षांनी मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘मग मी बरोबरच ऐकलं होतं.’

तयार झालेला संग्रह ऐकून गिटारवादक बर्नार्ड समनर आणि बासवादक पीटर हूक नाराज झाले. आपलं संगीत जड, आक्रमक होतं, त्याची धारच काढून टाकली, अशी त्यांची तक्रार होती आणि ती त्यांनी पुढे मुलाखतींतून मोकळेपणाने सांगितली. गायक इयन कर्टिस आणि ड्रमवादक स्टीफन मॉरिस यांना मात्र ते आवडलं. एकाच खोलीत वाजवलेलं एकच संगीत, ऐकणारे चौघं तेच वाजवणारे, आणि मतं दोन. पुढे हूकने हॅनेटचं श्रेय दिलखुलासपणे मान्य केलं. कालांतराने जगाने त्या संग्रहाला डोक्यावर घेतलं ते बऱ्याच अंशी त्याच आवाजासाठी, ज्याला वाजवणारेच वैतागले होते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. समनर आणि हूक यांचा कान कच्चा नव्हता. त्यांच्या कानात आधीचा एक आवाज होता, त्यांच्या स्वतःच्या कार्यक्रमांचा. त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला बीबीसीच्या रेडिओ वनवर जॉन पील यांच्या रात्रीच्या कार्यक्रमात या बँडने वाजवलेली चार गाणी लागली होती. जूनमध्ये तबकडी घरी आणणाऱ्या काही श्रोत्यांच्या कानातही तो आवाज असणार. आपण पहिल्यांदा काही ऐकतो तेव्हा कान कधीच कोरा नसतो. आधीच्या आवाजाशी नवा आवाज जुळत नाही, तेव्हा आपण म्हणतो, टेप खराब आहे.

कव्हरवरच्या त्या टेकड्यांची कथाही अशीच आहे. १९६७मध्ये केंब्रिजला पीएच.डी. करणाऱ्या जोसेलिन बेल बर्नेल यांना रेडिओ दुर्बिणीच्या लांबलचक कागदपट्टीवर एक बारीकसा खरखरीत ठिपका दिसला. तो नेहमीच्या चिन्हांत बसत नव्हता. माणसाने केलेल्या कुठल्या तरी उपकरणाचा गोंगाट असेल, असा पहिला कयास होता. त्या मागे लागल्या आणि निघाला तो पहिला पल्सार, ठरावीक अंतराने स्पंदन पाठवणारा तारा. त्याच ताऱ्याच्या स्पंदनांचा आलेख समनरला खगोलशास्त्राच्या एका विश्वकोशात सापडला. पीटर सॅव्हिल याने तो कव्हरवर घेतला आणि रंग उलटे केले : मुळात पांढऱ्यावर काळ्या असलेल्या रेषा काळ्यावर पांढऱ्या झाल्या. पुढच्या बाजूला ना बँडचं नाव, ना संग्रहाचं. माझ्या शिलाँगच्या मित्राकडे पांढरं कार्ड आणि काळी शाई होती. त्याला कल्पनाही नसताना त्याने ते चित्र परत मूळ रूपात नेलं होतं. नक्कल करताना माहिती नेहमी कमीच होते असं नाही.

काही गोष्टी मात्र निश्चित हरवल्या होत्या. मूळ तबकडीच्या दोन बाजूंना ‘बाहेर’ आणि ‘आत’ अशा अर्थाची इंग्रजी नावं होती. पाच गाणी बाहेर, मग उठायचं, तबकडी उलटायची, पाच गाणी आत. माझ्या कॅसेटवर बाहेर आणि आत यांच्यात फक्त तीन सेकंदांची शांतता होती. म्हणून मी १९९४मध्ये जे ऐकलं ते १९७९मध्ये कुणीच ऐकलं नव्हतं, आणि त्यांनी ऐकलं ते मी आजवर ऐकलेलं नाही.

आता राहिलेली हकीकत. फॅक्टरी या मँचेस्टरच्या छोट्या कंपनीने १५ जून १९७९ रोजी संग्रह काढला. पहिल्या दहा हजार प्रती. १८ मे १९८० रोजी इयन कर्टिसने आत्महत्या केली. तो तेवीस वर्षांचा होता. त्यानंतर ज्यांनी ज्यांनी हा संग्रह ऐकायला घेतला, त्यांना सुरू होण्याआधीच शेवट माहीत होता. प्रत्येक शब्द पुरावा झाला, प्रत्येक शांतता सूचना झाली. म्हणजे जून १९७९ ते मे १९८० हे अकरा महिने सोडले तर हा संग्रह नुसता संग्रह म्हणून फारसा कुणाला ऐकायला मिळाला नाही. त्या अकरा महिन्यांत कुणी वहीत ‘दुसरं गाणं फार लांबलं’ असं लिहिलं असेल, तर ते वाक्य मला नंतरच्या कित्येक गौरवलेखांहून मोलाचं वाटतं, कारण ते आता कुणाला नव्याने लिहिता येणार नाही. मला स्वतःला नाव नसलेल्या टेपमुळे दिवाळीपर्यंतचे चार महिने असे मिळाले. गायक विहिरीत आहे एवढंच मला माहीत होतं, आणि तो विहिरीतून वर येईल असं मी धरून चाललो होतो.

आमचे आजोबा फैयाज खाँसाहेबांचं गाणं ऐकलेले. खाँसाहेब बडोद्याचे दरबारगायक, १९५०मध्ये गेले. आजोबांना माझ्या टेपचा आवाज सहन होत नसे, पण ऐकण्याबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं : कान तयार व्हावा लागतो, एका बैठकीत गाणं कळलं म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. ते मला पटतं. फक्त एक शंका राहते. कान तयार झाला की तो आधी कसा होता, हे आपण विसरतो. मला आता ‘अननोन प्लेझर्स’ बोदा वाटूच शकत नाही. तो कधी तसा वाटला होता याला साक्षीदार फक्त ती वही.

तयार कान काय करू शकतो याचं एक उदाहरण अमेरिकेत सापडतं. केंटकी राज्यातल्या लुईव्हिल गावचा स्लिंट हा विशीतल्या पोरांचा बँड. त्यांचा ‘स्पायडरलँड’ मार्च १९९१मध्ये आला : सहा गाणी, चाळिसेक मिनिटं, कुठे कुजबुज तर कुठे एकदम किंकाळी. संग्रह दुकानात येण्याआधीच बँड मोडला होता. कार्यक्रम नाहीत, मुलाखती नाहीत, लक्ष द्यायला फारसं कुणी नाही. पण लंडनच्या ‘मेलडी मेकर’मध्ये स्टीव्ह अल्बिनी यांनी त्याला दहा तारे दिले आणि दहा वर्षांनी हा संग्रह मैलाचा दगड ठरेल असं लिहिलं. ते ठरलंही तसंच. अल्बिनींनी या बँडचा आधीचा संग्रह स्वतः ध्वनिमुद्रित केला होता. ही मुलं कुठून निघाली हे त्यांना माहीत होतं, म्हणून कुठवर आली हे लगेच ऐकू आलं.

आणि तयार होत गेलेल्या कानाचं उदाहरण म्हणजे न्यूट्रल मिल्क हॉटेल या बँडचा फेब्रुवारी १९९८मधला ‘इन दि एरोप्लेन ओव्हर द सी’. करवतीवर गज फिरवून काढलेले सूर, लग्नाच्या बँडसारखी पितळी वाद्यं आणि गळा फाटेस्तोवर गाणारा गायक. इंडी संगीताला दहापैकी दशांशात गुण देणाऱ्या ‘पिचफोर्क’ या नियतकालिकाने त्याला तेव्हा ८.७ दिले. २००५मध्ये संग्रह पुन्हा निघाला, तेव्हा त्याच नियतकालिकाने १० दिले. गाण्यांत एक सूरही बदललेला नव्हता. सात वर्षांत लोकांनी ती गाणी एकमेकांना दिली, पाठ केली, त्यांच्यासारखी नवी गाणी रचली. वाढलेले १.३ गुण ऐकणाऱ्यांच्या खात्यातले आहेत. तरी मला आधीचा ८.७ सुद्धा खोटा वाटत नाही. १९९८च्या त्या आठवड्यात एका माणसाच्या कानाला जे जाणवलं, त्याचा तो प्रामाणिक आकडा होता.

या तीनही संग्रहांना दुसरी संधी मिळाली. हजारो लोकांनी पुन्हा ऐकलं आणि पहिल्या मताचं ओझं हलकं झालं. ज्यांना ती मिळत नाही त्यांच्याबद्दल मात्र मला माझ्या वहीतून नाही, माझ्या कात्रणांतून सांगावं लागतं.

२००३मध्ये मी बंगळूरला होतो आणि एका इंग्रजी वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत नव्या संगीतावर दोनशे शब्दांचं परीक्षण लिहायचो. एका पावसाळी दुपारी तिथल्याच तीन मुलांच्या बँडची सीडी टेबलावर आली. त्यांनी स्वतःच काढलेली, पाकीट हाताने चिकटवलेलं. मजकूर पाचपर्यंत द्यायचा होता. मी ती ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या दोन छोट्या स्पीकरवर चार वाजता लावली, चाळीस मिनिटं ऐकली, मध्ये दोन फोन घेतले आणि लिहिलं : गाणी बरी आहेत, पण ध्वनिमुद्रण कच्चं आहे, गायक फार मागे पडला आहे, मागे सतत खरखर आहे, पुन्हा मिक्स करायला हवं होतं. रविवारी छापून आलं. बडोद्यातली चार वाक्यंच मी चांगल्या इंग्रजीत पुन्हा लिहिली होती, हे त्या वेळी माझ्या ध्यानातही आलं नाही.

आठ वर्षांनी चर्च स्ट्रीटवरच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात एकाने मला ओळखलं. तो त्या बँडमध्ये बास वाजवायचा, आता बँकेत होता. रागावलेला नव्हता. त्याने एकच विचारलं, ‘तुम्ही ते कशावर ऐकलं होतं?’ मी खरं सांगितलं. तो हसला. ‘तरीच. त्या डब्यांतून बास येतच नाही. म्हणजे माझं तर तुम्ही काहीच ऐकलं नाही.’

मग त्याने सांगितलं. ते तिघं कम्मनहळ्ळीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये वाजवायचे. ध्वनिमुद्रण मुद्दाम पावसात केलं. पत्र्यावरचा पाऊस हे त्यांच्या मते चौथं वाद्य होतं आणि गायकाचा आवाज त्या पावसाच्या पलीकडून यावा अशी त्यांची मांडणी होती. छोट्या स्पीकरवर पावसाची खरखर होते. पाचशे सीडी काढल्या होत्या. दोनशेच्या वर अजून त्याच्या घरी माळ्यावर होत्या. ‘तुमच्यामुळे बँड मोडला असं नाही हं,’ तो म्हणाला. ‘नोकऱ्या लागल्या. पण छापून आलेलं तेवढं एकच. माझ्या मुलीने विचारलं की तुम्ही कसे वाजवायचे, तर दाखवायला माझ्याकडे तुमचं कात्रण आहे.’

समनर आणि हूक चुकले तर काही बिघडलं नाही. बाजू सांगणारे हजार होते. या तिघांच्या बाबतीत मात्र इतिहासाचं एकमेव लेखी साधन म्हणजे माझी चाळीस मिनिटं, दोन फोन आणि दोन डब्यांसारखे स्पीकर. आणि परीक्षणात मी यातलं काहीच नोंदवलं नव्हतं. कशावर ऐकलं, कितीदा ऐकलं, घाई होती का, हे वाचणाऱ्याला कळायला काही मार्ग नव्हता. ‘स्पायरल स्क्रॅच’च्या मुलांनी पाकिटावर कितवा प्रयत्न ते छापलं होतं. मी माझा पहिलाच प्रयत्न निकाल म्हणून छापला.

त्याने दुसऱ्या दिवशी एक सीडी आणून दिली. त्यांच्या बँडचं नाव मी इथे द्यायचं म्हणत होतो. तो म्हणाला, बाकीच्या दोघांना विचारल्याशिवाय नको; एक जण परदेशात आहे, दुसऱ्याशी आता बोलणं होत नाही. म्हणून ते इथे नाही.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक पहिल्या नोंदीआधी काही रकाने भरलेले असतात : तारीख, वेळ, यंत्र, कितव्यांदा, आधी कुणाकडून काय ऐकलं होतं. मत त्यानंतर. आणि पानाचा खालचा अर्धा भाग मी रिकामा सोडतो. त्या तिघांच्या पानावर वर माझं कात्रण डकवलेलं आहे. खालची नोंद अशी आहे : ‘६ ऑगस्ट २०११. रात्री ११. घरी, हेडफोन. दुसऱ्यांदा. पाऊस आहे. गायक पावसाच्या मागे उभा आहे, मागे पडलेला नाही. तिसऱ्या गाण्यात बास एकटाच दोन मिनिटं वाजतो. २००३मध्ये मी इथे फोन घेतला असावा.’